मंदीतली सरकारी मदत : प्रश्न रकमेचा नाही, वाटेचा आहे

मे २०२० मध्ये, टाळेबंदीला दोन महिने होत आले असताना, केंद्र सरकारने लघु-मध्यम उद्योगांसाठी ३ लाख कोटी रुपयांची आपत्कालीन कर्जहमी योजना जाहीर केली. तारण नको, हमीशुल्क नको, आणि कर्ज बुडालं तर बँकेला पूर्ण भरपाई सरकारची. एवढी मोठी मदत याआधी क्वचितच कुणी पाहिली होती. तिची मुख्य अट एका ओळीत मावणारी होती : २९ फेब्रुवारी २०२० रोजी उद्योगाकडे बँकेचं जेवढं कर्ज शिल्लक असेल, त्याच्या २० टक्के नवं कर्ज मिळेल. वर्षानुवर्षं बँकेशी व्यवहार असलेल्या कारखान्याला या अटीने हात दिला. गुंतवणूकदारांच्या भांडवलावर चालणाऱ्या, बँकेकडे कधी कर्जाला न गेलेल्या तरुण सॉफ्टवेअर कंपनीला मात्र तिचा काहीच उपयोग नव्हता. शून्याचे २० टक्के शून्यच.

योजनेचा हेतू चांगला होता आणि रक्कमही पुरेशी होती. पण तिची वाट बँकेच्या खातेवहीतून जात होती आणि या कंपन्या त्या वहीत नव्हत्याच. मंदीत तंत्रज्ञान उद्योगांना सरकारने मदत करावी का, यावर जगभर गेली चाळीस वर्षं वाद चालू आहे. त्या वादात आकड्यांची चर्चा खूप होते, वाटांची कमी. प्रत्यक्षात फिनलंडपासून इस्राएलपर्यंत आणि कॅलिफोर्नियापासून पुण्यापर्यंतचे अनुभव पाहिले तर मदत फळली की वाया गेली, हे बहुतेक वेळा ती कुठल्या वाटेने पोचली यावरच ठरलेलं दिसतं.

मदत करावीच का?

आधी विरोधी बाजू ऐकली पाहिजे, कारण तिच्यात दम आहे. मंदी हे अर्थव्यवस्थेचं साफसफाईचं काम असतं, दुबळ्या कंपन्या गेल्या की त्यांनी अडवलेली माणसं आणि भांडवल सशक्त कंपन्यांकडे जातं, असा हा युक्तिवाद आहे. शुम्पीटर या अर्थतज्ज्ञाच्या नावाशी तो जोडलेला आहे. मार्च २००० नंतर अमेरिकेत डॉटकॉमचा फुगा फुटला आणि नॅसडॅक निर्देशांक अडीच वर्षांत ७५ टक्क्यांहून अधिक कोसळला. त्या कंपन्यांना सरकारने तगवलं नाही. शेकडो बुडाल्या, अॅमेझॉन टिकली. जपानने १९९० च्या दशकात उलटा मार्ग धरला. तिथल्या बँका बुडीत कंपन्यांना कर्जामागून कर्ज देत राहिल्या. जिवंतही नाहीत आणि मरतही नाहीत अशा या कंपन्यांमुळे चांगल्या कंपन्यांची वाढ खुंटली, असं अर्थतज्ज्ञांनी पुढे दाखवून दिलं.

पण मंदीची ही चाळण दर वेळी नेमकी चालत नाही. कापड गिरणी बंद पडली तरी यंत्रं, इमारत आणि जमीन उरते. दिवस पालटले की कुणीतरी ती घेतो. तंत्रज्ञान कंपनीची मालमत्ता म्हणजे एकत्र काम करायला शिकलेली वीस-पंचवीस माणसं आणि अर्धवट लिहिलेला कोड. पगार थांबला की ही माणसं पांगतात आणि पुन्हा तशीच जमत नाहीत. शिवाय अशा कंपनीचा खर्च आज असतो आणि उत्पन्न तीन-चार वर्षांनी. तारण द्यायला काही नसतं. म्हणून कल्पना उत्तम असूनही केवळ वेळ अपुरा पडल्यामुळे ती बुडू शकते. फिलिप आगियाँ आणि सहकाऱ्यांनी फ्रेंच कंपन्यांची आकडेवारी तपासली, तेव्हा कर्ज मिळायला अडचण असलेल्या कंपन्या मंदीत संशोधनाला कात्री लावतात, असं दिसलं. देशाच्या दृष्टीने मात्र मंदी हाच संशोधनाचा स्वस्त काळ असतो : माणसं उपलब्ध असतात, यंत्रं रिकामी असतात. ही फट भरून काढायला सरकारने पुढे यावं, एवढं मदतीचं समर्थन पुरेसं आहे. मग प्रश्न उरतो तो कसं, याचा.

माणसं राखण्याची वाट

पहिली वाट पगाराची. २००९ मध्ये जर्मनीचं राष्ट्रीय उत्पन्न पाच टक्क्यांहून जास्त घटलं, पण बेकारी फारशी वाढली नाही. कारण तिथली ‘कुर्त्सआर्बाइट’ म्हणजे अल्पवेळ कामाची पद्धत. मालक कामाचे तास कमी करतो, पगार त्या प्रमाणात घटतो आणि बुडालेल्या पगाराचा मोठा भाग सरकारी विमानिधी भरतो. त्या वर्षी भर मंदीत दहा लाखांहून अधिक कामगार या योजनेखाली होते. त्याच्याच जोडीला मध्यम उद्योगांच्या संशोधन प्रकल्पांसाठीच्या निधीत ९० कोटी युरोंची भर घातली गेली. मागणी परतली तेव्हा अनुभवी तंत्रज्ञ आपापल्या जागी होते. नव्याने भरती करत बसावं लागलं नाही.

फिनलंडची गोष्ट याहून कठीण काळातली. सोव्हिएत संघ कोसळला, त्याच्याबरोबरचा व्यापार आटला आणि देशातल्या बँकाही डबघाईला आल्या. तीन वर्षांत राष्ट्रीय उत्पन्न सुमारे दहा टक्क्यांनी घसरलं आणि तीन-साडेतीन टक्क्यांवर असलेली बेकारी १९९४ पर्यंत सोळा टक्क्यांच्या पुढे गेली. सरकारने बहुतेक खात्यांच्या खर्चाला कात्री लावली, पण संशोधनाचा निधी राखला, वाढवला. तो वाटण्यासाठी ‘टेकेस’ ही संस्था १९८३ पासूनच उभी होती. म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणण्याची वेळ आली नाही. जगातला पहिला व्यावसायिक जीएसएम मोबाईल कॉल फिनलंडमध्ये झाला तो १ जुलै १९९१ ला, ऐन मंदीच्या तोंडावर. दशक संपेपर्यंत देशाचा संशोधनावरचा खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या दोन टक्क्यांवरून तीन टक्क्यांच्या वर गेला होता.

या यशाची दुसरी बाजूही नोंदवायला हवी. २००० च्या सुमारास एकट्या नोकियाचा देशाच्या उत्पन्नातला वाटा चार टक्क्यांच्या आसपास होता. पुढे कंपनीने मोबाईलचा व्यवसाय मायक्रोसॉफ्टला विकायचं ठरवलं, त्याची झळ साऱ्या देशाला बसली. एका कंपनीभोवती फेर धरून केलेली प्रगती त्या कंपनीबरोबर उतरणीलाही लागते.

कर्जाची आणि हमीची वाट

सरकारांना ही वाट सगळ्यांत प्रिय, कारण घोषणेच्या दिवशी तिजोरीतून काहीच जात नाही. २००९ च्या अमेरिकी मदत कायद्यातून सोलिंड्रा या सौर पॅनेल बनवणाऱ्या कंपनीला ५३.५ कोटी डॉलरची कर्जहमी मिळाली. सिलिकॉन महाग असताना तिचं नळीच्या आकाराचं, सिलिकॉन न वापरणारं पॅनेल फायद्याचं वाटत होतं. सिलिकॉनचा भाव कोसळला आणि तिचं गणितच मोडलं. सप्टेंबर २०११ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज झाला, बहुतेक रक्कम बुडाली आणि पुढची काही वर्षं अमेरिकी राजकारणात ते नाव शिवीसारखं वापरलं गेलं.

त्याच ऊर्जा खात्याने, वेगळ्या योजनेतून, जानेवारी २०१० मध्ये टेस्लाला ४६.५ कोटी डॉलरचं कर्ज दिलं. टेस्लाने ते मे २०१३ मध्ये, मुदतीच्या नऊ वर्षं आधी, फेडून टाकलं. एकाच काळातले, जवळपास सारख्याच रकमेचे हे दोन निर्णय. सरकारला हुशार कंपनी ओळखता येते की नाही, यावर या जोडीचा दाखला दोन्ही बाजूंचे लोक देतात. खरा धडा वेगळा आहे. कर्जात सरकारला तोटा झाला तर तो पूर्ण सोसावा लागतो आणि नफा झाला तर फक्त व्याज मिळतं. दहापैकी सात कंपन्या बुडणार हे गृहीत असलेल्या धंद्यात हा सौदा मुळातच वाकडा आहे. ‘आंत्रप्रेन्युरियल स्टेट’ या २०१३ च्या पुस्तकात मारियाना मॅझुकाटो यांनी याच मुद्द्यावर बोट ठेवलं : जोखीम जनतेची असेल तर लाभातही तिचा वाटा हवा.

दक्षिण कोरियाचा अनुभव याच जातीचा. २००० मध्ये तिथला तंत्रज्ञान शेअरबाजार कोसळल्यावर सरकारी हमी संस्थेने छोट्या कंपन्यांचे कर्जरोखे एकत्र बांधून त्यांना हमी दिली. पैसा वेगाने पोचला, पण रोख्यांची मुदत भरली तेव्हा अनेक कंपन्यांना परतफेड जमली नाही आणि हमी देणारी संस्थाच अडचणीत आली.

भागीदारीची वाट

इस्राएलने एकाच दशकात दोन प्रयोग केले आणि त्यांची तुलना या विषयातली सर्वांत बोलकी आहे. १९९० नंतर सोव्हिएत प्रदेशातून लाखो स्थलांतरित आले. त्यांत अभियंते खूप होते, नोकऱ्या नव्हत्या आणि १९९२ मध्ये बेकारी दहा टक्क्यांच्या वर गेली. सरकारने ‘इन्बाल’ योजना आणली : साहसी भांडवल पुरवणाऱ्या फंडांना तोटा झाला तर ७० टक्क्यांपर्यंत हमी. फंड निघाले, पण चांगले गुंतवणूकदार आले नाहीत. तोटा झाकलेला असल्याने कंपन्यांमागे धावपळ करण्याची गरजच कुणाला नव्हती.

१९९३ च्या ‘योझ्मा’ योजनेने तीच कल्पना उलटी केली. १० कोटी डॉलरच्या या कार्यक्रमातून दहा फंडांना प्रत्येकी सुमारे ८० लाख डॉलर मिळाले. सरकारचा वाटा ४० टक्क्यांपर्यंतच. बाकी खासगी पैसा आणि त्यात परदेशातला अनुभवी भागीदार सक्तीचा. तोट्याची हमी नव्हती. उलट पाच वर्षांच्या आत सरकारचा वाटा मूळ किंमत अधिक व्याज देऊन विकत घेण्याची मुभा होती. म्हणजे सरकारने तोट्याऐवजी नफा वाटून दिला. बहुतेक फंडांनी ही मुभा वापरली आणि १९९७ पर्यंत सरकार बाजूलाही झालं. शिरायच्या दिवशीच बाहेर पडायची तारीख ठरवून ठेवणं, हे योझ्माचं सर्वांत कमी अनुकरण झालेलं वैशिष्ट्य.

ब्रिटनने २०२० मध्ये हीच वाट घाईच्या काळात वापरून पाहिली. ‘फ्यूचर फंड’मध्ये खासगी गुंतवणूकदार जेवढी रक्कम घालतील तेवढीच, सव्वा लाख ते पन्नास लाख पौंडांपर्यंत, सरकार घालणार आणि पुढच्या गुंतवणूक फेरीत तिचे शेअर होणार. सरकारी अधिकारी कंपनी पारखणार नाहीत. कुणी खासगी माणूस स्वतःचे पैसे लावतो आहे, हीच पारख. जानेवारी २०२१ अखेर अर्ज बंद झाले. १,१९० कंपन्यांना मिळून सुमारे १.१४ अब्ज पौंड मिळाले. वेगाची किंमतही दिसली : बोल्टन वाँडरर्स या फुटबॉल क्लबात सरकार भागीदार होऊन बसलं. तरीही अटीत बसणाऱ्या कंपनीला काही आठवड्यांत पैसा मिळणं, हे मंदीत मोठंच काम होतं.

भारतात या वाटेने २०१६ मध्ये ‘स्टार्टअप इंडिया’तला १०,००० कोटी रुपयांचा निधी आला. सिडबी तो सेबीकडे नोंदलेल्या फंडांना देते आणि फंडांनी घेतलेल्या रकमेच्या किमान दुप्पट पैसा स्टार्टअपमध्ये घालायचा असतो. चांगल्या दिवसांत ही रचना उत्तम चालते. मंदीत तिचीच एक अडचण होते. सिडबीचा पैसा मिळायला फंडाने आधी इतरांकडून भांडवल उभं करायला हवं, आणि मंदीत नेमके इतर हात आखडतात. ‘तुम्ही घाला, मग आम्ही घालतो’ ही अट एरवी शिस्त लावते, पण मंदीत तीच दार अडवते. ब्रिटनने यावर उपाय केला तो कंपनीच्या जुन्या गुंतवणूकदारांचा पैसाही जोडीला धरून आणि फंड मध्ये न घालता थेट कंपनीत पैसा देऊन. आपल्याकडे २०२१ ची ९४५ कोटींची बीज निधी योजना इन्क्युबेटरमार्फत चालते, म्हणून ती नवजात कंपन्यांपर्यंत तुलनेने थेट पोचते. तिथे कल्पना सिद्ध करायला २० लाखांपर्यंत अनुदान मिळतं. पण पाच-सहा वर्षं वयाची, पन्नास माणसांची, दोन मोठे ग्राहक गमावलेली कंपनी बीज निधीसाठी मोठी आणि बँकेसाठी लहान ठरते. मंदीत मार बसतो तो सर्वाधिक याच मधल्या थराला.

ग्राहक होण्याची वाट

१९८२ च्या अखेरीस अमेरिकेतली बेकारी दहा टक्क्यांच्या वर गेली होती. त्याच वर्षी झालेल्या कायद्याने मोठं संशोधन-बजेट असलेल्या प्रत्येक सरकारी खात्याला त्यातला ठरावीक हिस्सा छोट्या कंपन्यांसाठी राखून ठेवणं बंधनकारक केलं. सव्वा टक्क्यापर्यंत नेलेला हा हिस्सा पुढे ३.२ टक्क्यांवर गेला. क्वालकॉमला सुरुवातीच्या दिवसांत या पैशाचा आधार मिळाला. सब्रिना हॉवेल यांनी २०१७ मध्ये ऊर्जा खात्याच्या अशा अनुदानांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दीड लाख डॉलरचं पहिल्या टप्प्याचं छोटं अनुदान मिळालेल्या कंपनीला पुढे साहसी भांडवल मिळण्याची शक्यता जवळपास दुप्पट होते, असा त्यांचा निष्कर्ष होता. दुसऱ्या टप्प्यातल्या दहा लाख डॉलरचा मात्र तसा परिणाम दिसला नाही. पहिला नमुना बनवून दाखवण्यापुरता पैसाच निर्णायक होता.

अनुदानापेक्षाही ऑर्डर बरी. आयआयटी मुंबईच्या माजी विद्यार्थ्यांनी उभी केलेली आयडियाफोर्ज ही ड्रोन कंपनी याचं जवळचं उदाहरण. जानेवारी २०२१ मध्ये, कोविडचं सावट असतानाच, लष्कराने तिला सुमारे दोन कोटी डॉलरची ऑर्डर दिली. जुलै २०२३ मध्ये कंपनी शेअरबाजारात आली. पण सरकारी ऑर्डर लांबल्या की काय होतं, तेही तिच्याच आकड्यांत दिसलं : २०२४-२५ मध्ये उत्पन्न जवळपास निम्म्यावर आलं आणि कंपनी तोट्यात गेली. एकाच गिऱ्हाइकावर चालणारं दुकान, मग ते गिऱ्हाईक सरकार का असेना, धोक्याचंच. ऑर्डरने उभं राहता येतं. चालत राहायला दुसरे ग्राहक लागतात.

महाराष्ट्राने या दिशेने एक चांगलं पाऊल आधीच टाकलेलं आहे. राज्य इनोव्हेशन सोसायटीच्या स्टार्टअप सप्ताहातल्या विजेत्यांना बक्षिसाऐवजी सरकारी खात्यात प्रयोग करण्यासाठी १५ लाखांपर्यंतचा कार्यादेश देण्याची पद्धत २०१८ पासून सुरू झाली. अडचण पुढची आहे. प्रयोग यशस्वी झाला तरी नियमित खरेदी पुन्हा निविदेनेच होते. पूर्वानुभव, उलाढाल आणि बयाणा रक्कम या अटींतून स्टार्टअपना सूट देण्याची तरतूद नियमांत आहे. पण ती सूट प्रत्यक्ष निविदेत उतरवायची की नाही, हे खालचा अधिकारी ठरवतो, आणि उद्या लेखापरीक्षणात आक्षेप आला तर उत्तर त्यालाच द्यावं लागतं.

या सगळ्याहून जुनं दुखणं थकलेल्या बिलांचं. २००६ च्या कायद्याने सूक्ष्म-लघु उद्योगांचे पैसे ४५ दिवसांत देणं बंधनकारक आहे, उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही चक्रवाढ. एप्रिल २०२४ पासून खासगी खरेदीदाराला वेळेत न दिलेल्या रकमेची करसवलत त्या वर्षी मिळत नाही, म्हणून तिकडे थोडी हालचाल झाली. सरकारी खात्याला प्राप्तिकराचा धाक नाही. आणि व्याजासाठी खात्याला खेचलं तर पुढची ऑर्डर मिळणार नाही, या भीतीने पुरवठादार गप्प बसतो. एका हाताने कर्जहमी देणारं सरकार दुसऱ्या हाताने बिल अडवून ठेवत असेल, तर ते स्वतःच्याच पुरवठादाराकडून बिनव्याजी उसनं घेत असतं.

पैसा न लागणारी वाट

भारतीय आयटी उद्योगाच्या इतिहासातली बहुधा सर्वांत फळलेली मदत एका आर्थिक संकटाच्या वर्षातली आहे आणि तिला तिजोरीतून फार काही लागलं नाही. १९९१ मध्ये परकीय चलनाचा साठा तळाला गेला असताना सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क्स ऑफ इंडिया ही संस्था उभी राहिली. बंगळुरू, पुणे आणि भुवनेश्वर ही तिची पहिली केंद्रं. आयात शुल्काविना संगणक, परवानग्यांसाठी एकच खिडकी आणि उपग्रहामार्फत परदेशाशी जोडणी, एवढंच तिने दिलं. त्यामुळे पुण्यातल्या छोट्या कंपनीलाही इथे बसून अमेरिकेतलं काम करणं शक्य झालं. नंतर जोडलेली करमाफी तात्पुरती म्हणून आली होती, पण २००९ च्या मंदीत तिची मुदत आणखी एका वर्षाने वाढवून मार्च २०११ पर्यंत नेली गेली. सुरुवातीला उपयोगी पडलेली सवलत मोठ्या कंपन्यांच्या हातात गेली की ती काढणं किती जड जातं, याचाही हा नमुना.

जानेवारी २००९ मध्ये हैदराबादच्या सत्यम या आयटी कंपनीच्या अध्यक्षांनी हिशेबातला घोटाळा कबूल केला. जागतिक मंदीचा तो ऐन काळ होता; हजारो अभियंत्यांच्या नोकऱ्या आणि परदेशी ग्राहकांचा भारतीय कंपन्यांवरचा विश्वास दोन्ही पणाला लागले. सरकारने सरकारी पैसा ओतला नाही. दोन-तीन दिवसांत संचालक मंडळ बरखास्त करून किरण कर्णिक, दीपक पारेख अशांना नेमलं आणि एप्रिलमध्ये लिलावातून पुण्याच्या टेक महिंद्राने कंपनी घेतली. मार्च २०२३ मध्ये सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली तेव्हा अमेरिकी सरकारने दोन दिवसांत सर्व ठेवींना संरक्षण जाहीर केलं आणि तिथे खाती असलेल्या भारतीय स्टार्टअपच्या संस्थापकांनीही सुटकेचा निःश्वास टाकला. दोन्ही प्रसंगी कामी आला तो निर्णयाचा वेग आणि शब्दाची पत. २०२० मध्ये दूरसंचार खात्याने घरून काम करण्यावरची नोंदणीची आणि बँक हमीची बंधनं काढली, तीही अशीच बिनखर्चाची मदत होती.

आपण काय शिकायचं?

या सगळ्या वाटांना एकाच मापाने तोलायचं तर निकाल बऱ्यापैकी स्पष्ट आहे. हमी सर्वांत वेगाने जाहीर होते, पण तरुण तंत्रज्ञान कंपनीपर्यंत क्वचितच पोचते. भागीदारी पोचते, पण मंदीत तिच्या जोडीच्या पैशाची अट सैल करावी लागते. छोटं अनुदान आणि पहिली ऑर्डर सर्वांत जास्त काम करतात, पण ती देणारी यंत्रणा मंदीच्या आधीपासून उभी असावी लागते. आणि एकाच कंपनीवर मोठी रक्कम लावणं, हे सर्वांत जास्त फोटो मिळवून देणारं आणि सर्वांत जास्त अंगाशी येणारं काम आहे.

२०२५ मध्ये केंद्राने संशोधन-नवोपक्रमासाठी १ लाख कोटी रुपयांचा दीर्घ मुदतीचा निधी मंजूर केला. पुन्हा आकडा मोठा आहे आणि पुन्हा पैसा मधल्या फंड व्यवस्थापकांमार्फत जाणार आहे. पुढची मंदी येईल तेव्हा त्यातला ठरावीक भाग खासगी जोडीची वाट न पाहता सुटेल, अशी तरतूद आजच लिहून ठेवता येते. मंदी सुरू झाल्यावर नियम बदलायला बसलो तर वरातीमागून घोडं हे ठरलेलं. राज्य सरकारांना तर नव्या निधीचीही गरज नाही. यशस्वी प्रयोगानंतर ठरावीक मर्यादेपर्यंत निविदेशिवाय खरेदीची मुभा, ती देणाऱ्या अधिकाऱ्याला लेखापरीक्षणात संरक्षण, आणि प्रत्येक खात्याने थकवलेल्या बिलांची दर महिन्याला जाहीर यादी, एवढं महाराष्ट्राने केलं तरी पुण्या-नाशकातल्या कंपन्यांना ते कुठल्याही पॅकेजपेक्षा आधी लागू पडेल. नव्या मदतीची घोषणा करण्यापूर्वी जुनी देणी फेडणं, ही मंदीतली पहिली सरकारी मदत मानली पाहिजे.